बावीस अंश

ओबोवाली बाई एक सूर धरते,
बाकीचे तिघे तो आपापल्या नळीत शोधतात,
आणि पियानोवाला मान वर करून
थेट छताकडे बघतो, माझ्या जाळीकडे.

तालमीलाच म्हणाला होता,
तुमचा एसी गातो. आमच्या सुराहून थोडा खाली.
खलीलसाहेब हसले. मला हसू आलं नाही.
सात वर्षं त्या आवाजाखाली डबा खातोय,
तो सूर आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग ठरलं ते असं:
दुसरा भाग संथ आहे, नऊ मिनिटांचा.
तेवढा वेळ ब्लोअर बंद.
बाहेर मनामा, सप्टेंबरची रात्र,
खाडीवरची हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर.
आत दोनशे दहा माणसं.
बसलेला माणूस म्हणजे शंभर वॉटचा दिवा,
आयटीआयपासून हाच हिशेब.
चालतील नऊ मिनिटं, मी म्हणालो.
म्हणालो खरा.

रोनेल बोटं दाखवतो, तीन, दोन, एक.

शांतता एकदम येत नाही.
आधी पंखा दमतो,
मग पाती मोजता येतील इतकी सावकाश,
मग डक्टचा पत्रा आकसतो, एकदाच, टणकन.
त्यानंतर पियानो. अगदी थोडा.
अनोळखी जिन्यावर वीज गेल्यावर
पायाने पायरी चाचपावी, तेवढा.

मग फुंकणारे.
क्लॅरिनेटवाला काळ्या लाकडात असा श्वास सोडतो
की सूर सुरू कुठे झाला ते सापडत नाही.
हॉर्नवाला पोरगा मनगटापर्यंत हात भोंग्यात घालून.
आणि तो उंच नळा, त्याचं नाव बसून,
वाजवतातही बसूनच.
हे रोनेलला सांगून उपयोग नाही.

कागलला आमच्या भट्टीवर भाते माझ्याकडे होते,
नववीपर्यंत.
आबा घणापाशी, मी वाऱ्यापाशी.
दोन कातडी भाते, एक भरतो तोवर दुसरा देतो.
वारा तोडू नको, एवढंच म्हणायचे,
लोखंड लाल असताना जास्त बोलत नसत.
या चौघांचं तसंच आहे.
एक छाती भरून घेतो तेव्हा दुसऱ्याचा चालू असतो,
जोड कुठे दिसत नाही.

तेवीस.
पाचव्या मिनिटाला चोवीस.
गरम हवेत नळ्या चढतात, तारा उतरतात,
हेही पियानोवाल्यानेच सांगितलेलं.
म्हणजे इथे पॅनेलशी उभा राहून
मी पाच जणांत भांडण लावतोय,
अर्ध्या अर्ध्या अंशाने.
क्लॅरिनेटवाला चार मात्रांच्या सवडीत
सांधा सूतभर ओढून घेतो.
पहिल्या रांगेतली अबायावाली आजी
कार्यक्रमाच्या कागदाने वारा घेते,
कागद वाजतो हे लक्षात येऊन थांबते,
मांडीवर पालथा घालते.
हॉर्नवाला एक नळी उपसून
पाणी जमिनीवर झटकतो.
ते पाणी मी ओळखतो.
ड्रेनच्या बादलीत रोज तेच असतं,
हवेतून पिळलेलं.

नऊ झाली. दहा.
आज ते तालमीपेक्षा सावकाश चाललेत.
खिशात फोन थरथरतो, खलीलसाहेब.
पंचवीस.
बोट बटणावर.

चौघांचा वारा संपला आहे.
पियानोची एक तार तेवढी उरली आहे,
पायाखाली दाबून धरलेली,
आणि दोनशे दहा माणसांतलं
कुणी श्वास घेत नाही.
रोनेल हाताने विचारतो, काय?
मी मान हलवतो.
वारा तोडू नको.
हा वारा नाहीच, तार आहे, मला कळतं,
तरी नाही दाबत.

दाबलं तेव्हा छतातला तो जुना आवाज
खालून वर चढत आला,
आणि मला वाटलं, यातलं मला कळत नाही,
पण वाटलं, उरलेल्या सुराला तो क्षणभर
चिकटला.
पियानोवाल्याने पुन्हा वर पाहिलं.
चेहऱ्यावर काय होतं, घामामुळे दिसलं नाही.

लॉगबुकात लिहिलं:
ब्लोअर बंद, अकरा मिनिटं. कमाल पंचवीस पूर्णांक एक.
कारणाच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकून राहिलं,
मग मेंटेनन्स.

रात्री बादली ओतायला गेलो.
रोजच्यापेक्षा दोन बोटं कमी.